‘दूध पुरत नाही’ : एक शंका आणि तिचे निरसन

(व्याख्यानाचा मजकूर)



घरात मूल जन्माला आले की पहिल्या दोन आठवड्यांत एक वाक्य बहुतेक घरांतून ऐकू येते : ‘आईचे दूध बाळाला पुरत नाही.’ कधी ते सासूबाईंच्या तोंडून येते, कधी शेजारणीच्या, तर पुष्कळदा स्वतः बाळंतीणच रडवेल्या स्वराने ते बोलून दाखविते. बाळ रात्री रडले, तासाभराने पुन्हा अंगावर घ्यावे लागले, की या वाक्याला पुरावा मिळाला असे सर्वांना वाटते. मग बाजारातून दुधाचा डबा आणि बाटली येते. हेतू मायेचाच असतो. परंतु पुष्कळदा त्या दिवसापासून आईचे दूध खरोखरीच कमी होऊ लागते आणि आरंभी जी केवळ शंका होती ती महिन्याभरात वस्तुस्थिती बनते.

आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. बहुसंख्य मातांच्या बाबतीत उणीव दुधाची नसते; ती विसाव्याची, धीराची आणि योग्य वेळी मिळणाऱ्या मदतीची असते. ही उणीव आई एकटी भरून काढू शकत नाही. ती घराने, गावाने आणि शासकीय यंत्रणेने मिळून भरून काढावयाची असते.

पूर्वीचे बाळंतपण आणि आजचे

पेडणे व डिचोली हे उत्तर गोव्यातील दोन सीमावर्ती तालुके. पेडण्याहून तेरेखोल नदी ओलांडली की सावंतवाडीचा मुलूख लागतो. डिचोलीच्या सीमेवर दोडामार्ग आहे. या भागांत परस्परांचे सोयरसंबंध पिढ्यान् पिढ्यांचे. एके काळी येथील बाळंतपणे घरातील अंधाऱ्या खोलीत, गावच्या वैजिणीच्या हातून होत असत. वैजिणीच्या हाताला अनुभव असे. तथापि रक्तस्राव थांबला नाही किंवा मूल आडवे आले तर तिच्यापाशी उपाय नसे. आज ही स्थिती पालटली आहे. गोव्यात ९९ टक्क्यांहून अधिक प्रसूती रुग्णालयांत होतात. पेडणे व डिचोली येथील सामाजिक आरोग्य केंद्रे, कासारवर्णे, साखळी, मये यांसारख्या ठिकाणची केंद्रे, म्हापशाचे जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय अशी साखळी उभी राहिली. मातांचे व अर्भकांचे प्राण वाचविण्याच्या दृष्टीने ही प्रगती निःसंशय मोलाची आहे.

परंतु रुग्णालयात प्रसूती झाली म्हणजे स्तनपानही आपोआप वेळेवर सुरू झाले, असे होत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे देशभरातील आकडे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहेत. शंभरांपैकी सुमारे ८९ प्रसूती रुग्णालयांत झाल्या; मात्र जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण अवघे ४१.८ टक्के होते. सहा महिन्यांखालील बालकांत केवळ आईच्याच दुधावर असलेली बालके ६३.७ टक्के होती. याच पाहणीनुसार गोव्यात शंभरांपैकी सुमारे ४० प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. शस्त्रक्रियेनंतर आईला विश्रांती द्यावी म्हणून मूल दूर ठेवण्याकडे नातेवाइकांचा कल असतो. वस्तुतः आई शुद्धीवर असेल आणि दोघांची प्रकृती ठीक असेल, तर शस्त्रक्रियेनंतरही बाळाला लवकरात लवकर तिच्या अंगाशी देता येते. त्यासाठी परिचारिकेने किंवा घरच्या बाईने बाळाला आधार धरला पाहिजे, इतकेच.

खरवसाची किंमत आणि चिकाची उपेक्षा

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आईला घट्टसर, पिवळसर चीक येतो. तो प्रमाणाने थोडा असतो. काही घरांत अजूनही हा चीक ‘जड’ किंवा ‘साचलेला’ म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध, साखरेचे पाणी किंवा गुटी चाटवितात. या प्रथेमागे काही आधार होताच. खरे दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते ही गोष्ट पूर्वजांनी अचूक टिपली होती. तोवर बाळाला काय द्यावे, या प्रश्नाचे त्यांनी काढलेले उत्तर मात्र आजच्या ज्ञानाच्या कसोटीस उतरत नाही.

गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस घरोघर आवडीने खाल्ला जातो, आणि वासराला पहिला चीक पाजलाच पाहिजे हे कोणत्याही गवळ्याला सांगावे लागत नाही. आईच्या चिकाचे मोल तर त्याहून अधिक आहे. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये व ‘अ’ जीवनसत्त्व विपुल असते. नवजात बाळाच्या आतड्यांवर त्याचे जणू संरक्षक अस्तर बसते आणि पोटातील काळी शी लवकर पडून जाते. बाळाचे जठर पहिल्या दिवशी अगदी लहान असते. त्यास चमचाभर चीकच पुरेसा होतो. मधाच्या बाबतीत तर स्पष्ट इशारा दिला पाहिजे. मधात क्वचित असे जंतू असतात की जे मोठ्या माणसास बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतील बालकास गंभीर आजार देतात. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये.

दूध कसे तयार होते

‘दूध पुरत नाही’ या शंकेचे निरसन करावयाचे तर दूध कसे तयार होते हे समजून घेतले पाहिजे. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूस संदेश जातो आणि दोन अंतःस्राव कार्यास लागतात. पहिला, प्रोलॅक्टिन, दूध तयार करतो. दुसरा, ऑक्सिटोसिन, तयार झालेले दूध वाहते करतो. यालाच मराठीत फार पूर्वीपासून ‘पान्हा’ असा सुंदर शब्द आहे.

पहिल्या अंतःस्रावाचा नियम असा की जितके दूध काढले जाते तितके नवे तयार होते. विहिरीचा उपसा चालू असला की झरे वाहते राहतात, तसेच हे आहे. बाळाला बाटलीने दोन वेळा पाजले की आईच्या अंगावर ते दोन वेळा कमी ओढते; त्या प्रमाणात दूध कमी बनते; मग तिसरी बाटली लागते. अशा रीतीने डबा स्वतःची गरज स्वतःच निर्माण करतो.

दुसऱ्या अंतःस्रावाचा संबंध मनाशी आहे. परका माणूस धार काढावयास बसला तर गाय पान्हा चोरते, ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. भीती, वेदना, अपमान आणि चिंता यांनी बाळंतिणीचाही पान्हा काही काळ अडतो. दूध असते, पण उतरत नाही. ‘तुला दूधच नाही’ असे तिला वारंवार ऐकविणे म्हणजे तो अडथळा आपल्या हातांनी उभा करणे होय. उलट बाळाला तिच्या उघड्या छातीशी ठेवावे, तिला एक वाटी ऊन पेज द्यावी, ‘येईल दूध, घाबरू नकोस’ असा धीर द्यावा. पान्हा उतरण्यास त्याने निश्चित साहाय्य होते.

मग बाळाला दूध पुरते की नाही हे ओळखावे कसे? रडण्यावरून ते ओळखता येत नाही. कारण बाळ ऊब, झोप, ओले दुपटे, पोटदुखी अशा अनेक कारणांनी रडते. नवजात बाळाने दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिणे हे स्वाभाविक आहे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळाला दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तिचा रंग फिका असेल, आणि वजन नियमाने वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. सुमारे दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत येते. वजनकाट्याचा हा निर्णय कोणत्याही शेजारणीच्या मतापेक्षा अधिक विश्वसनीय होय. वजन वाढत नसेल, लघवी कमी होत असेल, किंवा बाळ मलूल राहून पिण्यास उठत नसेल, तर मात्र वेळ न दवडता आरोग्य केंद्र गाठावे.

एप्रिल-मे महिन्यांच्या उकाड्यात बाळाला वरचे पाणी द्यावे की काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला निराळे पाणी लागत नाही. पाणी लागते ते आईला. सहा महिन्यांनंतर मात्र केवळ दूध पुरत नाही. या वयातील उष्टावणाची जुनी रीत आधुनिक शास्त्राशी मिळतीजुळती आहे. मऊ भात, डाळ, नाचणीचे सत्त्व यांची जोड द्यावी आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावे.

आईच्या पदरात काय पडते

स्तनपानाचा विचार होताना बाळाच्या लाभाची गणना होते आणि आईचा विचार मागे राहतो. प्रत्यक्षात पहिला लाभ आईलाच मिळतो. पान्हा उतरविणारा अंतःस्राव गर्भाशयाचेही आकुंचन घडवितो; त्यामुळे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात राहण्यास मदत होते. पहिल्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळा येतात त्या याच कारणाने. त्यांना भिण्याचे कारण नाही.

दुसरा लाभ पाळणा लांबण्याचा. बाळ सहा महिन्यांच्या आतील असेल, आईची पाळी परत आलेली नसेल आणि दिवसा व रात्री बाळ केवळ अंगावरच पीत असेल, तर या तिन्ही अटी पूर्ण असेपर्यंत पुन्हा दिवस राहण्याचा संभव दोन टक्क्यांहूनही कमी असतो. यांपैकी एक अट जरी सुटली, तरी अन्य उपाय योजले पाहिजेत.

तिसरा लाभ दूरगामी आहे. तीस देशांतील ४७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आईने आयुष्यात एकंदर जितकी वर्षे स्तनपान दिले असेल, त्यातील प्रत्येक वर्षागणिक तिचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी उतरतो. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील लेखमालेने असा अंदाज मांडला की, स्तनपान सार्वत्रिक झाले तर जगात दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे सुमारे २० हजार मातांचे मृत्यू टळू शकतील.

हे लाभ खरे असले, तरी आईस द्यावी लागणारी किंमत लपविणे योग्य नव्हे. तिची झोप तुटते, कंबर भरून येते, कधी स्तनाग्रांना चिरा पडतात, कधी स्तन दाटून ताप चढतो. चिरा बहुधा बाळाची पकड चुकल्याने पडतात. बाळाने केवळ स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतीचा बराचसा काळसर भागही तोंडात घेतला पाहिजे. हे परिचारिका पाच मिनिटांत दाखवून देऊ शकते. मात्र कोणी न दाखविल्यास तेवढ्याच कारणाने स्तनपान सुटते. स्तन लाल होऊन ताप आला तरी पाजणे थांबवू नये आणि उपचारास विलंब लावू नये. काही माता पहिल्या आठवड्यात उगाच रडतात. ती अवस्था सहसा आपोआप निवळते. परंतु दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली, झोप उडाली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली, तर तो आजार आहे, स्वभावदोष नव्हे. त्यावर औषधोपचार आहेत, आणि स्तनपान चालू ठेवून घेता येण्याजोगी औषधेही आहेत.

पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. याचा अर्थ तिने कमी नव्हे, एक जेवण अधिक जेवावे. उकड्या तांदळाची पेज, नाचणीचे तिझण, आळसांदे, हळिवाचे लाडू, पालेभाजी, नारळ आणि मासे खाणाऱ्या घरांत मुडदुशी हा गोव्यातील बाळंतिणीचा परंपरागत आहार उत्तम आहे. टाकून द्यावयाची आहेत ती बंधने : पाणी कमी देणे, भाजी वर्ज्य करणे, उरलेसुरले तिला वाढणे. तेल लावणे, शेक, घरकामातून मोकळीक या जुन्या रीती तिला विसावा देतात. त्या अवश्य जपाव्यात.

डबा, बाटली आणि कायदा

डब्याच्या दुधाचा प्रश्न नवा नाही. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूर येथील एका व्याख्यानात, आईच्या दुधाच्या जागी गोड आटीव दुधाचा प्रचार करून होणाऱ्या बालमृत्यूंची गणना हत्येत केली पाहिजे, अशी कठोर भूमिका घेतली होती. पुढे मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा दुधाच्या विक्रीप्रचारासंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. भारताने १९९२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. या कायद्यान्वये दोन वर्षांखालील बालकांसाठीच्या दुग्धपर्यायांची, बालआहाराची व बाटल्यांची जाहिरात करणे, मातांना फुकट नमुने वा भेटी देणे, आरोग्यसेवकांना प्रलोभने देणे निषिद्ध आहे. डब्यावर बाळाचे वा मातेचे चित्र छापण्यासही मनाई आहे. या प्रमुख तरतुदींच्या भंगास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. औषधालयाच्या दर्शनी भागात असे फलक दिसल्यास शिक्षकाने किंवा पंचसदस्याने ती बाब आरोग्य अधिकाऱ्यांच्या नजरेस आणावी.

बाटलीचा धोका केवळ दुधात नसतो. तो पाण्यात, बुचात आणि मापात असतो. डबा महाग पडू लागला की पावडर थोडी आणि पाणी अधिक असे होते. बाटली नीट उकळली नाही की हगवण मागे लागते, आणि पावसाळ्यात विहिरींचे पाणी गढूळ झाल्यावर हा धोका वाढतो.

तथापि काही मातांना खरोखर दूध कमी येते. काहींना आजारामुळे वा औषधांमुळे पाजता येत नाही. काही बालके मातेविना पोरकी होतात. अशा वेळी वैद्यकीय सल्ल्याने, मोजून, शक्यतो वाटीचमच्याने दिलेले पर्यायी दूध हा रास्त उपाय आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती याच गरजेतून. ज्या आईला पाजता आले नाही तिला दोष देणे हे निर्दयपणाचे आहे, आणि त्याने कोणत्याही बालकाचे भले होत नाही.

कामावर जाणारी आई

पेडणे-डिचोलीतील स्त्री आज केवळ शेतात वा कुळागरात काम करीत नाही. तुये आणि डिचोली येथील औद्योगिक वसाहती, काजूचे कारखाने, किनाऱ्यावरील हॉटेले, आणि जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेला मोपा येथील विमानतळ, अशा विविध ठिकाणी तिला जावे लागते. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन विश्रांतिकाल दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक ठरले. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही समाविष्ट झाल्या. परंतु कंत्राटी कामगार, मोलकरीण आणि शेतमजूर स्त्रीपर्यंत हे हक्क क्वचितच पोहोचतात. तिला एक उपाय निश्चित उपलब्ध आहे. स्वच्छ हातांनी दूध पिळून, उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात ठेवल्यास घरातील थंड जागी ते चार तास सुरक्षित राहते आणि आजी ते वाटीचमच्याने पाजू शकते. परत आल्यावर व रात्री बाळाला अंगावर घेतले की दूध टिकून राहते.

प्रत्येकाचे कर्तव्य

या भागातील एक अडचण विशेष उल्लेखनीय आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने नावनोंदणी एका गावी, प्रसूती दुसऱ्या गावी आणि पुढील वास्तव्य तिसरीकडे, तेही कधी राज्याची सीमा ओलांडून, असे घडते. ज्या दोन आठवड्यांत मदत सर्वाधिक हवी, नेमक्या त्याच काळात बाळंतीण दोन्हीकडील परिचारिकांच्या नजरेआड होते. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड तिच्यासोबत असावे आणि ती येताच घरच्यांनी नजीकच्या उपकेंद्रास व अंगणवाडी सेविकेस कळवावे. अधिकाऱ्यांनीही पाहुणी बाळंतीण आपल्या यादीत नाही म्हणून तिचे घर वगळू नये.

सासूबाईंनी व आईने पहिले चाळीस दिवस स्वयंपाक, कपडे आणि पाहुणे यांची जबाबदारी घ्यावी. पतीने रात्री बाळाला उचलून आईजवळ द्यावे, ढेकर काढावी, दुपटे बदलावे. त्यात कमीपणा काही नाही. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलामुलींना हा विषय संकोच न बाळगता शिकवावा, कारण दहा वर्षांनी तेच आईबाप होणार आहेत. पंचायतीने बाजाराच्या ठिकाणी आणि बसस्थानकाजवळ आईला निवांत बसून बाळाला पाजता येईल असा एखादा आडोसा करावा.

यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. पुढच्या वेळी एखाद्या घरातून ‘दूध पुरत नाही’ असे वाक्य कानी आले, तर बाजाराकडे धाव घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : बाळाचे वजन केले काय? बाळ नीट धरते की नाही हे परिचारिकेने पाहिले काय? आणि बाळंतीण आज पोटभर जेवून तासभर निजली काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळविण्यात अनेक बालकांचे आरोग्य आणि अनेक मातांचे समाधान सामावलेले आहे.